पगार : उपकार नव्हे, येणे

(आंबी, ता. मावळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मावळातल्या खळ्यांवर एकेकाळी बलुतेदार सुगीला आपला धान्याचा वाटा मागत. आज आंबीच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी आहे आणि बलुत्याची जागा पगाराने घेतली आहे. ‘पगार’ हा शब्द इतका घरचा झाला आहे की तो पोर्तुगीज असल्याचे आपल्या ध्यानातही येत नाही. तिकडे ते क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणे. आपण त्याचे नाम केले आणि पाव, बटाटा, चावी यांच्याप्रमाणे पचवले.

स्पॅनिशमध्येही हाच शब्द आहे. इटालियनमध्ये ‘पगारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’, इंग्रजीत ‘पे’. (जर्मनांचा शब्द मात्र निराळा, मोजण्यावरून आलेला.) या सर्वांचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. पुढे धनकोचे देणे फेडून त्याला शांत करणे, असा अर्थ रूढ झाला. म्हणजे पगार देणारा हा ऋणको आणि घेणारा धनको!

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात निराळ्या वाटेने हेच मांडले आहे. कामगार आधी राबतो, मोबदला मागाहून घेतो. वस्तुतः तोच मालकाला उधार देतो, आणि तेही बिनव्याजी. ‘सॅलरी’चे मूळ मात्र मिठात आहे. रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच मिळे, ही कथा मीही वर्गात रंगवून सांगत असे. तिला भक्कम पुरावा नाही. तथापि ‘खाल्ल्या मिठाला जागा’ हा उपदेश मालकवर्गाला नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.

‘पाकारे’ला दुसरीही बाजू आहे. रोमन सेनानी जिंकलेला मुलूख दडपून शांत करीत, त्यालाही हाच शब्द होता. थकलेला पगार मागणाऱ्या कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगितले जाते, ती या दुसऱ्या जातीची शांतता होय.

२०१९ च्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावयाचा आहे. ठेकेदाराने तो बुडवल्यास मूळ मालकाने द्यावा, ही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तरतूद २०२० च्या श्रमसंहितेतही आली आहे. तेव्हा ‘वरून बिल निघाले नाही’ असे ठेकेदार म्हणाला, तर अर्ज मूळ मालकाच्याही नावे करावा. त्यात ‘नम्र विनंती’ नको. ‘येणे बाकी’ असे लिहावे, आणि खाली महिना व रक्कम घालावी.