भैरवीनंतरची वाट

गाणें कसें ऐकावें याविषयीं जाणत्या मंडळींनीं आजवर पुष्कळ सांगितलें आहे. गाणें ऐकून घरीं कसें पोहोंचावें, हा विषय मात्र फारसा कोणीं हातीं घेतलेला दिसत नाहीं. मी गवई नव्हें. मुलांस अंकगणित शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां हा दुसरा, कमी मानाचा विषय माझ्या वांट्यास यावा, हें ठीकच झालें.

एका हिवाळ्यांत ठाण्यास मोकळ्या मैदानावर रात्रीचें गायन होतें. आम्ही उभयतां डोंबिवलीहून निघालों. ठाण्यापर्यंत लोकल, पुढें रिक्षा. मैदान अर्धा मैल दूर असतांनाच मोटारींची रांग लागलेली. रिक्षावाला प्रामाणिक होता. तो म्हणाला, "काका, इथून चालत गेलांत तर लवकर पोहोंचाल." आम्ही चालत गेलों. गायन उत्तम चाललें होतें. परंतु साडेनऊ वाजतां आमच्या रांगेंतील माणसें घड्याळें पाहूं लागलीं. कोणी कल्याणचा, कोणी बदलापूरचा. एकेक जण मान खालीं घालून उठूं लागला. माझ्या पत्नीच्या गुडघ्यांस गर्दींतले जिने सोसत नाहींत, म्हणून अखेर आम्हीही उठलों. फाटकापाशीं आलों तों मागें भैरवी सुरू झाली. ती थबकली आणि म्हणाली, "अहो, एवढी ऐकूनच जाऊं या ना?" मीं तिला घड्याळ दाखविलें. त्या गोष्टीची रुखरुख मला अजून आहे.

पूर्वीं ही अडचण इतकी कां जाणवत नव्हती? पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यास १९५३ सालीं सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. त्याच्या बैठका कित्येक वर्षें रात्रभर चालत. श्रोता पांघरूण घेऊन येई, डुलकी लागली तर तेथेंच काढी, आणि भैरवी होऊन उठे तों पहांटेच्या गाड्या सुरू झालेल्या असत. जत्रेस आलेला शेतकरी बैल सोडून गाडीखालींच निजत असे, तशांतलाच हा प्रकार. परत जाण्याची घाई कोणासच नव्हती. मैफल हीच रात्रीची धर्मशाळा होती.

पुढें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई झाली. वर्षांतून फार तर १५ दिवस राज्य सरकारास मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. हा नियम योग्यच आहे. मैदानाशेजारीं आजारी माणूस राहतो, परीक्षेचा विद्यार्थी राहतो. आमच्या आनंदासाठीं त्यांनीं कां जागावें? परंतु त्याचा एक परिणाम कोणीं मोजला नाहीं. मैफल आतां अशा वेळीं संपते कीं, मागें निजावयास जागा नाहीं आणि पुढें गाड्या विरळ होत जातात. आणि सारा समुदाय एकाच घटकेस बाहेर पडतो.

मोठें उदाहरण घेऊं. इंग्लंडांतील 'कोल्डप्ले' या वाद्यवृंदाचे कार्यक्रम २०२५ च्या जानेवारींत १८, १९ व २१ या तारखांस नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाले. अशा ठिकाणीं पन्नास हजार माणूस सहज जमतें. आतां शाळेंतल्यासारखें एक गणित मांडूं. पन्नास हजारांपैकीं चौथा हिस्सा मोटारींनीं आला आणि एका मोटारींत तिघे बसले, असें धरा. चार हजारांहून अधिक मोटारी झाल्या. येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीस सुमारें २५ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे नुसत्या मोटारी उभ्या करावयास सुमारें २५ एकर जमीन हवी. ती मिळाली असें समजा. चार फाटकांतून दर पांच सेकंदांस एकेक मोटार बाहेर पडली, तरी शेवटच्या मोटारीस रस्ता दिसावयास जवळजवळ दीड तास लागेल. येतांना हा समुदाय चार तास थोडा थोडा येतो, म्हणून निभावतें. जातांना सर्वांस दहा वाजतांच जावयाचें असतें. उलट बारा डब्यांची एक लोकल तीन हजार माणसें सहज नेते. त्यांनाच मोटारी द्यावयाच्या तर हजार लागतील.

कल्याण-डोंबिवलीकरांस नेरूळहून परतण्याच्या वाटा दोन. एक शीळफाट्याची सडक. तिची कीर्ति मीं सांगावयास नको. दुसरी रेल्वेची. नेरूळहून ठाण्यास यावयाचें, पूल चढून फलाट बदलावयाचा आणि कल्याणची गाडी धरावयाची. कळवा-ऐरोली जोडमार्ग झाल्यास हा फेरा चुकेल. त्या योजनेंतील दिघागांव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजीं उघडलें, परंतु कळव्याकडील जोड तेव्हां व्हावयाची राहिली होती. तोंवर पन्नास हजारांतला आमचा हिस्सा ठाण्याच्या पुलावर भरणार.

यावर उपाय नाहीं असें मुळींच नाहीं. त्याच वाद्यवृंदाचा पुढला कार्यक्रम अहमदाबादेस झाला, तेव्हां पश्चिम रेल्वेनें बांद्र्याहून खास गाड्या सोडल्या. पांचशें किलोमीटरांसाठीं जें झालें, तें ठाणें-कल्याणच्या वीस किलोमीटरांसाठीं कां होऊं नये? जर्मनींतील अनेक शहरांत कार्यक्रमाचें तिकीट हेंच त्या दिवसाचें बस व रेल्वेचेंही तिकीट असतें. त्याचा खर्च प्रवेशमूल्यांतच धरलेला असतो. आपल्याकडेही मोकळ्या मैदानास परवानगी देतांना तीन प्रश्न विचारावे: तिकिटें किती विकणार, कार्यक्रम किती वाजतां संपणार, आणि त्यानंतर कल्याणकडे गाड्या किती? दुसरें, भैरवी साडेनऊस घ्यावी. पुढें अर्धा तास हलकीं वाद्यें वाजूं द्यावीं, चहाची सोय ठेवावी, म्हणजे गर्दी आपोआप पांगेल. तिसरें, मैदानापासून स्थानकापर्यंत पालिकेच्या बसगाड्या ठराविक वेळीं सुटाव्या.

आपल्याकडेही कांहीं कर्तव्य आहे. एकट्यासाठीं मोटार काढूं नये. शेजाऱ्याच्या दारांत ती उभी करून मग वाहतुकीच्या नांवानें बोटें मोडूं नयेत.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाहीं. परतीची वाट ज्यास नाहीं, त्यास मैफलीचें दार उघडें असून बंदच आहे. एकटी बाई, म्हातारें माणूस, सकाळीं पांचच्या गाडीनें कामावर जाणारा तरुण, हे हळूहळू येईनासे होतात. मग गाणें मैदानाजवळ राहणारांचें आणि सारथी बाळगणारांचें होऊन बसतें. गवयानें साऱ्या रात्रीची कमाई भैरवींत ओतावी आणि त्या वेळीं समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असाव्या, हें त्यालाही बोंचत असलेंच पाहिजे. मैफल शेवटच्या सुरावर संपत नाहीं. शेवटचा श्रोता आपल्या दाराची कडी वाजवितो, तेव्हां ती संपते.

पुढल्या हिवाळ्यांत आम्ही पुन्हां जाणार आहों. या खेपेस भैरवी ऐकल्याविना उठावयाचें नाहीं, असें घरांत ठरलें आहे. आमच्या घड्याळाची काळजी आयोजकांनीं आणि रेल्वेनें थोडी वाहावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.