काटा हलेना, तर हिशेब कसा जुळेल?

म्हसवड, आटपाडी, विटा या भागात आपल्या गटांचा माल जुन्या ओम्नीतून, जीपमधून बाजाराला जातो. भाडं किलोमीटरवर ठरतं. मीटर बंद पडला, की आपला हिशेबही अडतो. म्हणून आज आपण मीटरबद्दल बोलू.

जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत केबल असते. गाडी चालली, की केबलच्या आतली तार फिरते. तीच काटा हलवते, तीच किलोमीटरचे आकडे पुढे नेते.

काटा थरथरत असेल, आवाज येत असेल, तर बहुधा तार कोरडी पडली किंवा केबल मुडपली. आकडे फिरतात पण काटा हलत नाही, तर बिघाड मीटरमध्ये. दोन्ही बंद असतील, तर आधी केबल बघा.

सपाट जागी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. मीटरमागून केबल सोडवा. एकीने ब्रेकपाशी बसायचं, बाकीच्यांनी गाडी हळू ढकलायची. तार फिरली, तर दोष मीटरचा. नाही फिरली, तर केबल तुटली किंवा गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर झिजला. एवढं बघितल्याशिवाय नवा मीटर घेऊ नका.

केबल बसवताना तारेला ग्रीस थोडंच लावा. मीटरकडचं टोक कोरडं ठेवा, नाहीतर ग्रीस मीटरात चढतं. केबलला तीव्र वळण नको.

दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक फेरीचं अंतर रस्त्यावरचे दगड बघून वहीत लिहा आणि ड्रायव्हरदादांना सांगा, सातारा–कराड हायवेला अंदाजाने गाडी पळवू नका. पैसा आपला आहे, जीवही आपलाच आहे.