दोनदा बंद पडलं, तिसऱ्यांदा उभं केलं

आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. हसू नका, आधी ऐका.

आमच्या गटातल्या एका वहिनींच्या बहिणीची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली. सॅन होजे नावाच्या शहरात असते, कॅलिफोर्निया राज्यात. कॉम्प्युटरच्या कंपन्यांमुळे त्या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. ऑगस्ट २०२५ मधला. मैदान गच्च भरलेलं, लेकरं बापाच्या खांद्यावर, आणि मधे हिरवळीवर खेळतायत बायका. वहिनींनी विचारलं, "हा वर्ल्ड कप आहे का गं?" ती म्हणाली, "नाही मावशी, हा आमच्या इथला क्लब आहे. बे एफसी."

त्या दिवशी तिथं ४०,०९१ माणसं होती. तिकीट काढून आलेली. अमेरिकेतल्या बायकांच्या त्या लीगमध्ये एका सामन्याला तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. आम्ही तो व्हिडिओ बैठकीत सगळ्यांना दाखवला आणि मग त्या क्लबाची माहिती काढत बसलो. काढता काढता जे हाती लागलं, ते सांगावंसं वाटलं.

तिकडे फुटबॉलला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल म्हटलं की त्यांचा दुसराच खेळ, हातात चेंडू घेऊन पळायचा. ते असो. आपण फुटबॉलच म्हणू.

गोष्ट सुरू होते १९९९ साली. त्या वर्षी बायकांचा विश्वचषक अमेरिकेत झाला. अंतिम सामना अमेरिका आणि चीन यांच्यात. बघायला नव्वद हजारांवर लोक. सामना बरोबरीत सुटला, मग पेनल्टी, म्हणजे एकेकीनं गोलकीपरसमोर चेंडू ठेवून मारायचा. शेवटची पेनल्टी ब्रँडी चॅस्टेन यांनी मारली आणि अमेरिका जिंकली. आनंदाच्या भरात त्यांनी अंगातली जर्सी काढून हातात धरली आणि गुडघ्यावर बसल्या. तो फोटो जगभर छापून आला. पुरुष खेळाडू तेव्हा असं करायचे, त्यावर कोणी फारसं बोलायचं नाही. यांच्यावर मात्र चर्चा झडल्या. चॅस्टेनबाई याच सॅन होजेच्या.

एवढं सगळं झाल्यावर २००१ साली तिथं बायकांची व्यावसायिक लीग निघाली. व्यावसायिक म्हणजे खेळायचा पगार मिळणार, हौस म्हणून नाही. आठ क्लब होते. सॅन होजेच्या क्लबाचं नाव सायबररेज. चॅस्टेनबाई त्यात खेळल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांचा क्लब अजिंक्य झाला. पण पैशाचं गणित चुकलं होतं. पाच वर्षं पुरावेत म्हणून जमवलेले चार कोटी डॉलर पहिल्याच वर्षी संपले. घरात लग्नकार्य निघालं की पहिल्या दिवशी हात सैल सुटतो ना, तसंच. सप्टेंबर २००३ मध्ये लीग बंद झाली. तीही कधी, तर पुढचा विश्वचषक जेमतेम आठवड्यावर आला असताना.

दुसऱ्यांदा २००९ साली नवी लीग निघाली. त्याच भागात नवा क्लब आला, एफसी गोल्ड प्राइड. चॅस्टेनबाई याही क्लबातून खेळल्या. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, गोल्ड प्राइडकडे ब्राझीलची मार्ता होती, जिला तेव्हा जगातली सगळ्यात भारी खेळाडू मानायचे. सप्टेंबरमध्ये त्यांनी अंतिम सामना चार-शून्यनं जिंकला. आणि नोव्हेंबरमध्ये क्लब बंद. करंडक मिळून दोन महिनेही झाले नव्हते. मालकांना नुकसान सोसवेना आणि नवा पैसा घालणारं कोणी मिळेना. सामने होत होते एका कॉलेजच्या लहानशा मैदानावर. पुढच्या दीड-दोन वर्षांत ती लीगही गेली.

इथं आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कारण आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, काम चांगलं कर, फळ मिळेल. या बायकांनी काम चांगलंच केलं होतं. पहिल्या आल्या होत्या. एका बाईनं विचारलं, "मग अजून करायचं काय होतं त्यांनी?" आम्हाला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे. मैदानात जे करता येण्यासारखं होतं, ते त्यांनी केलं होतं. हिशेबाची वही मात्र दुसऱ्याच्या हातात होती.

२०१३ साली तिसरी लीग आली, नॅशनल विमेन्स सॉकर लीग. तीच आज चालू आहे. सुरुवातीला त्यात सगळ्यात कमी पगार होता एका हंगामाचे ६,००० डॉलर. रुपयात ऐकायला बरे वाटतात, साडेतीन लाख. पण तिथं तेवढ्यात घरभाडंही भागत नाही. मुली लोकांच्या घरी राहायच्या, जोडीला दुसरं काम करायच्या. आणि सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या भागात तर क्लबच नव्हता. दहा वर्षं नव्हता.

मग चार जणी एकत्र आल्या. ब्रँडी चॅस्टेन, लेस्ली ऑसबोर्न, डॅनियल स्लेटन आणि ॲली वॅग्नर. चौघी अमेरिकेच्या संघातून खेळलेल्या आणि चौघी त्याच भागातल्या सांता क्लारा विद्यापीठात शिकलेल्या. खेळणं थांबवून वर्षं झाली होती. त्यांनी ठरवलं, आता क्लब आपणच काढायचा.

लीगमध्ये नवा क्लब घ्यायचा तर आधी प्रवेशाची रक्कम भरावी लागते. आपल्या गटात नवी बाई मधेच आली तर जुन्यांनी तोवर केलेल्या बचतीएवढा भरणा तिला करायला लावतो, तसंच समजा. फक्त आकडा ऐकून पोटात गोळा येईल. ५ कोटी ३० लाख डॉलर. आपले साधारण ४३५ कोटी रुपये. लीगमध्ये तोवर कोणी इतकी रक्कम भरली नव्हती. चौघींनी सिक्स्थ स्ट्रीट नावाच्या गुंतवणूक कंपनीला गळ घातली. तिनं प्रवेशाची रक्कम, सरावाची सोय, पगार असं सगळं धरून साडेबारा कोटी डॉलर घालायचं कबूल केलं. म्हणजे हजार कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये क्लब जाहीर झाला.

आम्हाला यातलं एक आवडलं. दोनदा हात पोळल्यावर माणूस तिसऱ्यांदा भीत भीत थोडंसं मागतो. "जमेल तेवढं द्या हो," असं म्हणतो. यांनी उलट केलं. थोड्या पैशात चालवलेली गोष्ट कशी मरते ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून पुरेसे मागितले.

आणि पैसा आल्यावर तो खेळाडूंवर खर्चही केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये झांबिया या आफ्रिकेतल्या देशाची रॅचेल कुंदनांजी क्लबात आली. ती स्पेनमधल्या क्लबाकडे होती. करार संपायच्या आत खेळाडू न्यायची तर जुन्या क्लबाला भरपाई द्यावी लागते. बे एफसीनं दिली जवळपास साडेसहा कोटी रुपये. बायकांच्या फुटबॉलमध्ये त्या दिवसापर्यंत एवढी रक्कम कोणासाठी मोजली गेली नव्हती. विक्रम पुढे मोडला, पण आफ्रिकेतल्या मुलीच्या नावावर असा विक्रम त्याआधी कधीच नव्हता. पुरुषातही नाही.

मार्च २०२४ मध्ये पहिला सामना झाला, लॉस एंजेलिसला, दुसऱ्यांच्या मैदानावर. नायजेरियाच्या असिसात ओशोआलाच्या गोलवर एक-शून्यनं जिंकल्या. मग सॅन होजेला घरचा पहिला सामना. मैदान भरलेलं, आणि हरल्या, तीन-दोननं. पहिल्या वर्षी चौदा क्लबांत सातव्या येऊन बाद फेरीपर्यंत गेल्या. दुसऱ्या वर्षी घसरगुंडी, पार तळाजवळ. चाळीस हजारांसमोरचा तो सामना सांगितला ना, तोसुद्धा हरल्याच.

म्हणजे बघा, गोल्ड प्राइड जिंकूनही गेला आणि हा हरत असूनही उभा आहे.

आता पगाराचं सांगतो, कारण फरक तिथंही पडला आहे. तो कोणी मेहेरबानीनं दिलेला नाही. लीगमधल्या खेळाडूंनी संघटना केली. २०२१ मध्ये काही जणींनी उघडपणे सांगितलं की आमच्या प्रशिक्षकानं आमच्याशी वाईट वागणूक केली, तक्रार केली तरी कोणी वर्षानुवर्षं ऐकलं नाही. त्या ऑक्टोबरमध्ये सगळीकडे सामन्याच्या सहाव्या मिनिटाला खेळाडूंनी खेळ थांबवला. दोन्ही बाजूंच्या मुली मैदानाच्या मधोमध गोल करून, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. असले प्रकार एका क्लबापुरते नव्हते, असं त्यात निघालं.

त्याच काळात, २०२२ मध्ये, खेळाडूंचा लीगशी पहिला लेखी करार झाला. कमीत कमी पगार ३५,००० डॉलर आणि बाळंतपणाची पगारी रजा. दोन वर्षांनी आणखी एक करार. त्यात २०२५ साठी ४८,५०० डॉलर ठरले, वाढत वाढत २०३० मध्ये ८२,५००. आणखी एक जुनी रीत त्या करारानं मोडली. आधी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलींना क्लब आळीपाळीनं निवडायचे. ज्यानं नाव घेतलं तिकडे जायचं, कोणत्या गावी हे मुलीला कोणी विचारायचं नाही. आम्हाला ऐकून सासरच आठवलं. आता मुलगी स्वतः क्लब ठरवते. जगात पुष्कळ ठिकाणी पुरुषांना ही मुभा आधीपासून होती.

सगळं गोड आहे असं सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. एक शंका आमच्या मनातून जात नाही. क्लबाची कल्पना चौघींची, धडपड चौघींची, पण मोठा पैसा गुंतवणूक कंपनीचा. असा पैसा नफ्यासाठी येतो. उद्या नफा दिसला नाही तर? २००३ मध्ये आणि २०१० मध्ये हेच झालं होतं. मैदानही अजून स्वतःचं नाही, पुरुषांच्या क्लबाच्याच मैदानावर खेळतात.

आमच्यातल्या एकीचं म्हणणं पडलं की कर्जावर म्हैस घेतली तरी दूध काढणारी आपणच, मग भ्यायचं कशाला. दुसरी म्हणाली, म्हैस बँकेच्या नावावर असेल तर रात्री झोप लागत नाही. वाद मिटला नाही. पण दोघींनी एक मान्य केलं, की या वेळी चौघी टेबलाच्या अलीकडे बसलेल्या नाहीत. मालकांच्या बाजूला बसल्या आहेत. वही उघडली की आकडे त्यांना दिसतात. गोल्ड प्राइडच्या मुलींना ते दिसत नव्हते. क्लब बंद होणार हे त्यांना कळलं, तेव्हा ठरून गेलं होतं.

मागच्या आठवड्यात वहिनींनी फोन करून भाचीला विचारलं, हरतायत तरी तू जातेस का बघायला? ती म्हणाली, जाते की. तिची मुलगी आठ वर्षांची आहे, कुंदनांजीच्या नावाची जर्सी घालून शाळेत जाते म्हणे. आणि घरात चेंडू मारून टीव्हीची काच फोडली, ते वेगळंच.

आजचं बोलणं इथं थांबवतो. तुमच्या गटात या म्हशीच्या वादात कोण कोणत्या बाजूला आहे, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.