परतून येणारा बिघाड : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणि किनाऱ्याची हवा

दुरुस्तीनंतर महिन्याभरात तोच दोष पुन्हा उद्भवला की नवा भाग निकृष्ट निघाला असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा नवा भाग बहुधा निर्दोष असतो आणि जुन्या भागाचा बळी घेणारे कारण पेटीत तसेच दडून राहिलेले असते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मिऱ्या-मांडवीकडचा खारा वारा घराघरांत शिरतो, त्यामुळे येथे कारणाचा शोध घेताना हवेवरही संशय घ्यावाच लागतो.

व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या कॅथोडमधून सुटणारे इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि वाटेतल्या ग्रिड नावाच्या जाळीवरचा ऋण दाब त्यांना आवरून धरतो. व्हॉक्स एसी-30 या नामांकित अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ज्याचे चार नग असतात, त्या ईएल 84 व्हॉल्व्हची प्लेट 12 वॉट उष्णता सोसते. 250 व्होल्ट दाबाला 48 मिलिअँपिअर प्रवाह वाहिला की ही मर्यादा तंतोतंत गाठली जाते. त्यातच 220 व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला 240 व्होल्ट मिळाले, तर कॅथोड तापवणाऱ्या तंतूवरील 6.3 व्होल्टचे जवळजवळ 6.9 होतात व प्लेटचा दाबही त्याच प्रमाणात चढतो. म्हणून व्हॉल्व्ह वारंवार जात असतील तर घरातल्या विजेचा दाब आधी मोजावा.

गुणगुण ओळखणे तुलनेने सोपे आहे: 50 हर्ट्झचा खर्ज ऐकू आला तर तंतूच्या तारा किंवा अर्थिंग तपासावे, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झचा सूर असेल तर वीज गाळून सरळ करणारे कपॅसिटर थकले आहेत असे समजावे.

खरी कसोटी लागते ती प्लेट लाल होऊ लागते तेव्हा. आषाढ-श्रावण कपाटात पडून राहिलेला अ‍ॅम्प्लिफायर गणपतीत बाहेर काढला, पहिली वीस मिनिटे उत्तम वाजला आणि मग त्याचा आवाज फाटू लागला, तर ग्रिडवरचा ऋण दाब ढळला असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी वीज बंद करून, कपॅसिटरमध्ये साठलेला शेकडो व्होल्टचा प्राणघातक दाब रेझिस्टरमार्गे उतरवावा, व्हॉल्व्ह उपसून काढावा आणि पुन्हा वीज देऊन रिकाम्या सॉकेटच्या ग्रिड-टोकावर मीटर लावावा. एसी-30 सारख्या, ग्रिड शून्यावर ठेवून कॅथोडचा दाब उंचावणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काटा शून्यावर स्थिर राहिला तर दोष व्हॉल्व्हचा. तो धन बाजूला सरकला तर आधीच्या टप्प्यातला दाब कुठून तरी झिरपत आहे. मग पुन्हा दाब उतरवून, दोन टप्पे जोडणाऱ्या कपॅसिटरचा ग्रिडकडचा पाय सोडवावा. त्यानंतर दाब नाहीसा झाला तर कपॅसिटरच गळका असतो, आणि बहुतेक दुरुस्त्या येथेच थांबतात.

मात्र पाय सोडवूनही काटा हलत असेल तर गुन्हेगार भाग नव्हे, तर भाग ज्यावर जोडले आहेत ती फायबरची पट्टी असते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधील काळी, मेण चढवलेली पट्टी दमट हवेत ओल धरते आणि विद्युतरोधक म्हणून बसवलेलीच वस्तू अंशतः वाहक बनते. साहजिकच कपॅसिटर कितीही वेळा बदलले तरी तक्रार कायम राहते. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा पट्टीवर काही वेळ सोडून पुन्हा मोजल्यावर दाब उतरलेला दिसला की निदान पक्के होते. तो पुढच्या पावसात पुन्हा चढणारच असल्यामुळे ग्रिडचा सांधा पट्टीवरून उचलून, तिला कोठेही न टेकवता, थेट सॉकेटच्या टोकाशी जोडावा लागतो.