हत्यारांची पेटी कोणाची?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या गटांत ‘कौशल्य प्रशिक्षण’ हा शब्द निघाला की पुढची यादी आपल्याला पाठ असते. शिलाई, पापड, लोणची, मेणबत्त्या, ब्यूटी पार्लर. ही कामं हलकी आहेत असं मी म्हणत नाही, त्यांवर कितीतरी घरं उभी राहिली आहेत. पण या यादीत सुतारकाम का नसतं? हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या शिक्षणातही पडला नाही. तो पडला एका पेटीमुळे.

आमच्या तालुक्यात सुतार घरातल्या एक बाई आहेत. मी त्यांना वहिनी म्हणते. नवरा वारला तेव्हा त्या तिशीच्या आतल्या. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दीर हत्यारांची पेटी उचलून घेऊन गेला. करवती, तीन रंधे, पटाश्या, किकरी, वाकस, गुण्या, सगळी नवऱ्याने स्वतः कमावून घेतलेली. ‘बाईमाणसाला काय करायचीत?’ असं तो म्हणाला, तेही भांडून नाही, अगदी सहज. गावालाही त्यात वावगं वाटलं नाही. दागिने नेले असते तर चार माणसं बोलली असती.

कायदा काय म्हणतो ते आपण नीट लक्षात ठेवू या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. त्यांतलं एक माणूस जरी हयात असेल, तरी भावाचा नंबर लागत नाही. हे जमिनीला लागू तसंच रंध्यालाही. दुसरी गंमत बघा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात कारागिराच्या हत्यारांवर जप्ती आणता येत नाही असं म्हटलं आहे. सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणला तरी रंधा-पटाशीला हात लावता येत नाही, कारण ती गेली तर माणूस खाणार काय, हे कायद्याला कळतं. सावकाराला जे जमत नाही ते दिराला जमलं.

पेटी परत आणायला आम्हाला चार महिने लागले. पोलीस नाही, कोर्ट नाही, नुसत्या बैठका. शेवटी कामी आल्या त्या सासूबाई. मुलाच्या मालमत्तेत आपणही वारस आहोत हे त्यांना कळलं, तेव्हा त्याच धाकट्याला म्हणाल्या, ‘जशी नेलीस तशी आणून ठेव.’

पेटी आली, पण ती चालवणार कोण? वहिनींनी नऊ वर्षं नवऱ्याच्या कामात हात लावला होता. फळीचं दुसरं टोक धरलं, सरस कढवला, पॉलिशपेपर मारला, चपडी लाखेचं पॉलिश लावलं. रंध्याची मूठ मात्र एकदाही हातात आली नव्हती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी सारवण, रांगोळी, नैवेद्य सगळं त्यांचं, आणि पाळी असली तर पेटीजवळही फिरकायचं नाही. गावातल्या दोन मेस्त्रींना आम्ही विचारलं, शिकवाल का? एक हसले. दुसरे म्हणाले, हत्याराला बाईचा हात लागला की धार जाते.

एका ओळखीच्या संस्थेमार्फत आम्हाला म्हैसूरला एक उस्ताद मिळाले. शिसवीवरचं जडावकाम करणारे. हातहत्यारांनी मुळापासून शिकवायला ते तयार झाले, मात्र अट घातली की दोघी तरी या. वहिनींची मुलं आजीकडे राहिली आणि आम्ही दोघी पाच महिने तिकडे गेलो. उस्तादांची दखनी आणि आमची मराठी यांचं छान जमलं.

म्हैसूरचं जडावकाम तुम्ही पाहिलं असेल. १८९७ साली तिथला जुना राजवाडा जळाला आणि १९१२ पर्यंत आजचा बांधून झाला. त्याच्या शिसवी दारांवर हस्तिदंताची नक्षी बसवलेली आहे. १९८६ आणि १९९१ च्या कायदेदुरुस्त्यांनी देशात हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. ते योग्यच झालं. आता पांढऱ्यासाठी प्लास्टिक वापरतात, पण खरं काम लाकडात लाकूड बसवण्याचं. शिसवीची काळपट फळी, तिच्यात फणसाचा पिवळा तुकडा, अबनूसचा काळा, आणखी दहा जातींचे तपकिरी, लालसर, फिकट. जुन्या पद्धतीत रंग लावत नाहीत. लाकडाच्या अंगच्या रेषांचेच ढग होतात, पाणी होतं, हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या होतात.

पण पहिले तीन आठवडे आम्ही चित्राला हातच लावला नाही, फक्त धार लावली. रंध्याचं पातं दगडावर कसं धरायचं, कोन न हलवता कसं घासायचं, मागची बाजू आरशासारखी सपाट का हवी, हे सगळं. अंगठ्याची सालं गेली. एक दिवस वहिनींच्या रंध्यातून कागदासारखी पातळ, लांब, सलग साल निघाली. उस्ताद काही बोलले नाहीत, ती साल त्यांनी उचलून खिळ्याला अडकवली. मग लाकडाची नस ओळखणं. उलट्या नसेने रंधा मारला की लाकूड उचकटतं, आणि ते आधी कानाला कळतं. मग करवत, मग कूस-खाचेचा सांधा, आणि सगळ्यात शेवटी जडाव. कागदावरच्या चित्राचे तुकडे वेगवेगळ्या लाकडांवर चिकटवायचे, धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेल्या दोऱ्याएवढ्या करवतीने कापायचे, जुळवायचे, फळीवर टोकदार हत्याराने त्यांची कड आखायची, तेवढीच जागा पटाशीने कोरायची, चिकटवून दाबून ठेवायचं. वाळल्यावर पानाच्या शिरा आणि डोळे कोरून काळं भरायचं. तुकडा आणि खाच यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी पॉलिशनंतर ती ओरडून सांगते.

अडचणी आल्या त्या अक्कलेच्या नव्हत्या, उंचीच्या होत्या. कामाचं बाक पुरुषाच्या कमरेच्या हिशोबाने केलेलं. त्यावर रंधा मारताना आमचे खांदे भरून यायचे, कारण जोर पाठीतून आणि मांडीतून लागायला हवा. आम्ही पायाखाली फळ्या घेतल्या, मग उस्तादांनी बाकाचे पायच कापून दिले. ‘बायकांना जोर नसतो’ या वाक्यातला बराचसा भाग त्या चार पायांत होता.

त्या काळात मी आसपासच्या एक-दोन कारखान्यांत जाऊन बसत असे. तिथे बायका होत्याच. शेडच्या मागच्या भागात, ओळीने, घासायला आणि पॉलिशला. पुढे पुरुष कापत, कोरत, जडवत. त्यांना नगावर पैसे, बायकांना रोजावर, आणि तो रोज जडावणाऱ्याच्या कमाईच्या निम्माही नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला, ते कुशल, या अकुशल. समान कामाला समान वेतन हे १९७६ च्या कायद्यापासून लिहिलेलं आहे, आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आहे. पण काम ‘समान’ ठरूच नये अशी वाटणी आधीच करून ठेवली, की कायदा दाराबाहेर उभा राहतो. ज्या चित्रांना त्या बायका चकाकी देत होत्या, त्यांतल्या निम्म्या चित्रांत डोक्यावर घागर घेतलेली बाई होती. असो.

दुसरी गोष्ट धुळीची. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, विशेषतः नाकाच्या पोकळीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलं. शिसवीच्या धुळीने त्वचेवर चट्टेही येतात. पटाशीने कोरताना ढलपी उडते, ती खाली पडते. घासताना उडतो तो पिठासारखा भुगा, आणि तो श्वासात जातो. सगळ्यात कमी पैसे जिला, सगळ्यात जास्त धूळ तिलाच. तोंडाला पदर, बस्स.

म्हणून आपल्या गटांनी प्रशिक्षण मागताना ‘लाकूडकाम’ एवढाच शब्द बघून सही करू नये असं मला वाटतं. धार लावायला शिकवणार का, हे विचारावं. जिला स्वतःच्या हत्याराची धार लावता येत नाही, ती आठवड्याने पुन्हा कोणाच्या तरी दारात उभी राहते. मोजमाप आणि सांधा शिकवणार का, हे विचारावं. फक्त पॉलिश शिकवणार असतील, तर ते प्रशिक्षण नाही, मागच्या शेडची भरती आहे.

आणि नोंदणी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, शिवाय तारणाशिवाय कर्ज. योजना उपयोगाची आहे. पण नोंदणी कुटुंबात एकाचीच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. दोघंही हत्यार धरतात अशा घरात त्या एका जागेवर कोणाचं नाव लागतं, हे सांगायला सर्वेक्षण नको. वहिनींचं नाव लागलं ते त्या घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून. हा नियम माणशी करा, ही मागणी आपल्या निवेदनात गेली पाहिजे. हत्यार हाताला लागतं, कुटुंबाला नाही.

आता आमच्याकडचं चित्र सांगते, रंगवून नाही. गटात सहाजणी आहेत. देवादिकांच्या जडावाच्या तसबिरी आमच्याकडे खपत नाहीत. यंत्राने कापलेल्या स्वस्त मिळतात, आणि शिसव महाग आहे. आम्ही सागात आणि फणसात पाट, पोळपाट, मिसळणाचे डबे, लहान देव्हारे करतो, कडेला जडावाची एक वेल. दारं-खिडक्यांच्या दुरुस्तीची कामं जास्त येतात, आणि पैसा त्यातच आहे. जडावाला एक पाट चार दिवस खातो. एकजण मध्येच सोडून गेली, सासरच्यांना शेडमध्ये बसणं पटलं नाही. तिच्याशी बोलणं चालू आहे.

पुढची तुकडी दिवाळीनंतर बसवतो आहोत, शिकवणार वहिनी. आठजणींचीच सोय आहे, कारण कमी उंचीची बाकं चारच झाली आहेत आणि एका बाकावर दोघी. ज्या गटांना बाई पाठवायची आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या. धारेचा दगड मात्र जिने तिने आपला आणायचा.