आजोबांच्या पिस्तुलाची जन्मकुंडली

(बोरीवली येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



बोरीवलीत शस्त्रांच्या वारशाविषयी बोलायचे, तर आरंभ एकसरपासूनच करावा लागतो. बोरीवली पश्चिमेच्या या जुन्या गावात शिलाहारकालीन वीरगळ आहेत. जमिनीवरची झुंज, वल्ही मारीत निघालेली जहाजे, धनुष्ये ताणलेले योद्धे आणि वरच्या पट्ट्यात शिवलोकी पोहोचलेला वीर, असे सारे दगडात कोरलेले आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. परंतु ज्या वीरांसाठी हे दगड उभारले, त्यांची नावे आज वाचता येत नाहीत. शस्त्र दिसते, ते धरणारा हात दिसतो. हात कोणाचा, हे सांगता येत नाही.

ज्या थोड्या घरांत एखादे जुने लष्करी पिस्तूल वारशाने आले आहे, तेथेही हेच घडते. साताऱ्याहून किंवा कोकणातून उपनगरात आलेले कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आजी जाते, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली जाते आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली जड वस्तू हाती लागते. आजोबा ‘लढाईत होते’, एवढेच सर्वांना ठाऊक असते. कोणत्या लढाईत, कोणत्या पलटणीत, हे सांगणारे माणूस गेलेले असते. मग कथा जन्माला येतात. काका म्हणतात, जर्मन अधिकाऱ्याकडून हिसकावलेले आहे. आत्या म्हणतात, साहेबाने बक्षीस दिले होते. घरोघरी या कथा इतक्या सारख्या असतात, की त्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्या लोखंडालाच विचारलेले बरे.

हे शस्त्र घरात असणे मुळात दुर्मीळ, हे प्रथम लक्षात घ्यावे. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी या देशातील सामान्य माणसाला परवान्याच्या दाराशी उभे केले. सैन्यातही साध्या शिपायाचे शस्त्र बंदूक. पिस्तूल मुख्यतः अधिकाऱ्याच्या कमरेला. डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू झाली 1932 मध्ये. तेव्हा आजोबा पहिल्या महायुद्धातले साधे शिपाई असतील, तर ‘हे त्यांचे सरकारी पिस्तूल’ ही कथा सहसा जुळत नाही. सरकारी शस्त्र सरकारजमा होत असे.

आता खुणा पाहू. आपल्याकडे सरसकट ‘पिस्तूल’ म्हणतात, पण फिरत्या चक्रात गोळ्या बसतात ते रिव्हॉल्व्हर आणि दस्त्यातल्या मॅगझीनमधून गोळी वर येते ते स्वयंचलित पिस्तूल. ब्रिटिश-हिंदी सैन्यात प्रामुख्याने वावरले ते रिव्हॉल्व्हरच. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे .455 बोअरचे ‘मार्क सहा’ 1915 मध्ये स्वीकारले गेले. पुढे 1932 मध्ये एनफिल्डचे.38 बोअरचे ‘नंबर दोन’ आले. म्हणजे नुसता बोअर कळला, तरी आजोबांचे महायुद्ध कोणते, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण जुनी वेब्ली दुसऱ्या महायुद्धातही वापरात होती.

त्याहून बोलके असते ते धातूवरचे ठसे. तीन रेघांचे बाणाचे टोक ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. अशी दोन टोके एकमेकांसमोर भिडलेली असतील, तर ते शस्त्र लष्करी सेवेतून काढून रीतसर विकलेले. ‘नॉट इंग्लिश मेक’ असा ठसा असेल, तर ते परदेशी बनावटीचे असून इंग्लंडच्या चाचणीगृहातून पुढे गेलेले. एवढ्यावरून काकांच्या जर्मन अधिकाऱ्याचे काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे! आणि सर्वांत महत्त्वाचा तो अनुक्रमांक. तो म्हणजे शस्त्राचे कुलनाम. अमेरिकेची कोल्ट कंपनी तर जुन्या नोंदी पाहून कोणत्या क्रमांकाचे शस्त्र केव्हा व कोठे रवाना झाले, याचे पत्र शुल्क घेऊन देते.

एका पिस्तुलाच्या इतिहासाला केवढे मोल असते, ते महाराष्ट्राने 1909 मध्येच पाहिले आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून 20 ब्राउनिंग पिस्तुले पाठविली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीनने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आणली. ब्राउनिंगचे हे घराणेही लष्करीच. बेल्जियमच्या सैन्याने ते 1900 मध्ये स्वीकारले होते. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात हुतात्मा अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हाती लागलेले पिस्तूल त्या 20 पैकीच, हे दाखविणे सरकारला अत्यंत गरजेचे होते. अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि पेटीचा प्रवास न्यायालयात उलगडला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. सावरकरांच्या पहिल्या जन्मठेपेच्या शिक्षेमागे याच पिस्तुलांचा पुरावा होता. नाशिकच्या नाट्यगृहापासून लंडनपर्यंतचा माग त्या पिस्तुलावरूनच लागला.

परक्या सरकारने शस्त्रांची दप्तरे कसोशीने ठेवली, ती आपल्या माणसांना फासावर चढविण्यासाठी. परंतु तशाच एका दप्तराचा उपयोग पुढे आपल्याला झाला. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरात साँडर्सवर रोखलेले हुतात्मा भगतसिंगांचे .32 बोअरचे कोल्ट पिस्तूल, क्रमांक 168896, लाहोरहून पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात आणि तेथून 1969 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रशाळेत पोहोचले. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग चढविलेला. पंजाबातील एका पत्रकाराने जुन्या कागदांचा पाठपुरावा केला, 2016 मध्ये रंग खरवडला गेला आणि आकडे जुळले. देशाच्या ताब्यात असलेली ही वस्तू सुमारे अर्धशतक निनावी पडून होती. पुढच्या वर्षी ती हुसैनीवाला येथील संग्रहालयात गेली.

शासकीय शस्त्रागारात हे होते, तर माळ्यावरच्या ट्रंकेचे काय? येथे कायदाही स्पष्ट आहे. भावना कितीही पवित्र असो, परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. ‘आजोबांचे होते’ हा बचाव नव्हे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 नुसार असे शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाने परवाना मिळविला, तर ते परत मिळू शकते. विहित मुदतीत तसे न झाल्यास ते सरकारजमा होऊ शकते. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. मात्र .38 आणि .455 हे बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात, त्यांचा निर्णय केंद्रीय गृहमंत्रालयाकडे. 2019 च्या दुरुस्तीनंतर वारशाचे धरूनही दोनहून अधिक बंदुका-पिस्तुले एका परवानाधारकाला ठेवता येत नाहीत.

म्हणून ट्रंकेत असे काही सापडले, तर चाप ओढून पाहण्याचा मोह टाळावा. आत गोळी असू शकते. पॉलिश पेपरने घासू नये, कारण गंजाबरोबर ठसेही जातात. पोलीस ठाण्याला आधी कळवावे आणि शस्त्र त्यांच्या सल्ल्यानेच हलवावे. जमा करताना पावतीवर कंपनी, बोअर आणि अनुक्रमांक अक्षरशः लिहून घ्यावा. पोलिसांच्या समक्ष छायाचित्रे काढता आली, तर उत्तम. शस्त्र परत येईल न येईल, ती पावती घरात राहते.

मग आजोबांचा शोध सुरू होतो. ते अधिकारी असतील, तर त्या काळच्या छापील ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये नाव सापडू शकते, इंडिया ऑफिसची लष्करी दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीतील असतील, तर बेळगावचे रेजिमेंटल सेंटर आहेच. निवृत्तिवेतनाची पुस्तिका, डिस्चार्जचा कागद आणि पदक शोधावे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि ती कड घरातल्या कोणी बहुधा कधी वाचलेलीच नसते.