हिरवा प्रकाश आणि दुधी स्फटिक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मध्य सप्तकातल्या 'सा'वरून तार सप्तकातल्या 'सा'वर गेले की स्वराची कंपनसंख्या दुप्पट होते. प्रकाशाचेही तसे करता येते. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला, तेव्हा दुप्पट कंपनसंख्येचा किंचित अतिनील प्रकाश बाहेर आला. अशा स्फटिकांना 'अरेषीय' म्हणतात. अट एकच, त्यांची अंतर्रचना केंद्राभोवती सममित नसावी.

सेंद्रिय रेणू प्रकाशाला चांगला प्रतिसाद देतात, पण त्यांचे स्फटिक नाजूक. असेंद्रिय क्षार टणक. दोहोंची सांगड म्हणजे अर्धसेंद्रिय स्फटिक. थायोयुरियाच्या स्वतःच्या स्फटिकात नेहमीच्या तापमानाला हा गुण नसतो. पण तीन भाग थायोयुरिया आणि एक भाग झिंक सल्फेट पाण्यात एकत्र आले, की तयार होणाऱ्या स्फटिकात तो येतो.

घाटकोपरच्या एका महाविद्यालयात माझी एक विद्यार्थिनी हाच स्फटिक वाढवत होती. बीकरवर भोके पाडलेला कागद बांधायचा आणि पाणी सावकाश उडू द्यायचे, एवढीच कृती. पण जुलैतली दमट हवा! पाणी उडेना आणि प्रकल्पाची तारीख जवळ आलेली. मीच म्हणालो, "कागद काढ, पंखा लाव." चार दिवसांत स्फटिक आला, पण दुधी.

त्याची पूड करून एका संस्थेत लेसरखाली धरली. १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य झोत पडताच पूड ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाने उजळली. आम्ही खूष झालो. मग उरलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावून विद्युत मापन केले. चांगल्या स्फटिकात वरच्या कंपनसंख्यांना विजेची ऊर्जा फार थोडी वाया जाते. इथे ती बरीच जात होती. घाईने वाढताना आत द्रावणाचे थेंब अडकले होते.

तो आलेख गाळावा, असे क्षणभर मला वाटले. ती म्हणाली, "सर, हिरवा तेवढाच दाखवायचा?"

तिचेच बरोबर होते. हिरवा प्रकाश सांगतो की पदार्थाची रचना योग्य आहे. तो वाढला कसा, हे विद्युत मापन सांगते. प्रकाशाचा झोत विजेने नियंत्रित करायचा, तर दुधी स्फटिक काय कामाचा? त्यात प्रकाश विखुरतो आणि वीज उष्णता होऊन वाया जाते.

अहवालात दोन्ही निष्कर्ष गेले. दिवाळीनंतर कोरड्या हवेत तिने पुन्हा बीकर मांडला आणि पाच आठवडे त्याला हात लावला नाही. या वेळी स्फटिकाखाली ठेवलेले छापील अक्षर स्वच्छ वाचता आले.

आपल्याला घरी स्फटिक वाढवून पाहायचा असेल, तर तुरटी घ्या. थायोयुरिया विषारी आहे, तो घरी नको. बीकर खिडकीपासून दूर ठेवा आणि मुलांना सांगा, रोज पाहा, पण हलवू नका.